पाहुण्यांची पाळी कोणाच्या घरी?

गावात पर्यटन सुरू करायचं ठरलं, की पहिली चर्चा बहुतेक वेळा खोल्यांची होते. खोल्या किती, कमोड बसवायचा का, फाट्यावर फलक कुठे लावायचा, फोटो कोण काढणार. हे सगळं लागतंच. पण त्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे. आलेला पाहुणा कोणाच्या घरी उतरणार, आणि हे ठरवणार कोण? ज्या गावाने या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर बसून लिहून काढलं, तिथे पर्यटनाने माणसांमाणसांतले व्यवहार बदलायला सुरुवात केली. जिथे ते उत्तर आपोआप, म्हणजे रस्त्यालगत घर आणि हाताशी भांडवल असणाऱ्यांच्या बाजूने लागलं, तिथे दोन-चार बंगले उभे राहिले आणि बाकीचं गाव त्या बंगल्यांत भांडी घासायला गेलं.

हा लेख पहिल्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. बचतगटातल्या बायका, ग्रामपंचायतीतले तरुण सदस्य, मुंबई-पुण्याहून गावाकडे परतायचा विचार करणारी मुलं आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था यांच्याशी मी मुख्यतः बोलतो आहे. शेवटी थोडं प्रवास करणाऱ्यांसाठीही लिहिलं आहे. पैसे त्यांच्या खिशातून येतात, तेव्हा ते कुठे जातात हे विचारण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

आधी राखायचं, मग दाखवायचं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात समुद्राकाठी वेळास आहे. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते इतिहासात होतंच. आता लोक तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 च्या सुमारास इथे काम सुरू केलं, तेव्हा मादीने वाळूत घातलेली अंडी माणसं उकरून नेत होती, उरलेली कुत्री-कोल्हे खात होते. संस्थेने गावातल्याच तरुणांना सोबत घेतलं. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या सरपटण्याचा माग शोधायचा, घरट्यातली शंभरेक अंडी अलगद काढायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची आणि पन्नास-पंचावन्न दिवस वाट पाहायची. पिल्लं वर आली की त्यांना समुद्राच्या दिशेने सोडायचं. वनखातं आणि ग्रामपंचायत या कामात आली. कासव महोत्सव सुरू झाला तो 2006 मध्ये, म्हणजे राखणीची काही वर्षं गाठीशी आल्यावर. पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांमध्येच झाली.

यातला क्रम तुमच्या गावाने डोक्यात पक्का बसवावा. वेळासने कासव आधी वाचवलं आणि मग पाहुणे बोलावले. उलट केलं असतं, तर पहिल्या दोन हंगामांतल्या गर्दीतच किनाऱ्याची वाट लागली असती आणि अंडी विकणाऱ्याला अंडी राखण्याचं काही कारण उरलं नसतं.

म्हणून पहिलं वर्ष पाहुण्यांविना घालवा. हा सल्ला उत्साही मुलांना आवडत नाही, पण त्याला पर्याय नाही. या वर्षात गाव पायी फिरायचं, आणि दरवेळी वेगवेगळ्या माणसांबरोबर. गुराख्याला माहीत असलेलं रान वेगळं असतं, पाण्याला जाणाऱ्या बाईला माहीत असलेली वाट वेगळी, आणि देवराईत कोणत्या झाडाला हात लावायचा नाही हे सांगणारी म्हातारी माणसं आणखी वेगळी. जे दिसेल, जे कळेल ते महिन्यावार वहीत लिहा: कुठे काय फुलतं, कोणता पक्षी येतो, कोणती भाजी उगवते, कोणता उत्सव कोणत्या तिथीला. त्याच वहीत एक रकाना शेतीचा ठेवा. भाताची लावणी, कापणी, झोडणी या दिवसांत घरात हातच मोकळे नसतात. त्या दिवसांवर काट मारा. तेव्हा गाव पाहुण्यांना बंद. पर्यटन ही जोडकमाई आहे. तिच्यापायी लावणी मागे पडली, तर गावाने कमावण्यापेक्षा गमावलंच जास्त.

आणि पाहुण्याला खरं सांगा. कासवाची पिल्लं कोणाच्या सुट्टीचं वेळापत्रक पाहून बाहेर येत नाहीत. काजवे पावसाप्रमाणे पुढेमागे होतात. 'दिसेलच' असा शब्द जाहिरातीत लिहिला, की उद्या तो शब्द पाळण्यासाठी कोणीतरी पिल्लू धरून ठेवणार, कोणीतरी काजवे बाटलीत भरणार.

ज्यांचं पोट जातं, त्यांना पहिली जागा

राखायचं म्हटलं, की कोणाच्या तरी मिळकतीवर गदा येते. ती माणसं कोण हे ओळखणं आणि त्यांना सर्वांत आधी आत घेणं, इथे सामाजिक बदलाचं काम सुरू होतं.

ओडिशात चिलिका सरोवराच्या उत्तर काठावर मंगलाजोडी नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे लाखोंच्या संख्येने स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि एके काळी हे गाव त्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होतं. पक्षी मारून विकणं हाच अनेक घरांचा धंदा होता. कायद्याचा धाक होता, तरी शिकार थांबत नव्हती. 2000 च्या सुमारास काही शिकाऱ्यांनीच पक्षी राखायची समिती केली आणि पुढे तेच लोक पाहुण्यांना बांबूने ढकलायच्या होड्यांतून पाणथळीत नेऊ लागले. कोणत्या बेटाआड कोणता पक्षी सकाळी बसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिकारीसाठी कमावलेलं ज्ञान राखणीच्या कामी आलं. या उपक्रमाला 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी आहे: ज्याला कायदा गुन्हेगार म्हणत होता, त्याच्याकडे लोक शिकण्यासाठी येऊ लागले.

लडाखात लेहजवळच्या रुंबकसारख्या गावांत हिमबिबट्या गोठ्यात शिरून एका रात्रीत शेळ्या-मेंढ्यांचा फडशा पाडतो. संतापलेला मेंढपाळ त्याला मारायला उठला, तर त्याला दोष कसा द्यायचा? स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तिथे घरगुती निवासाची पद्धत बसवली. पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीने जातात आणि मिळकतीतला दहा टक्के वाटा गावाच्या संवर्धन निधीत जातो. बिबट्याने मेंढी नेली, तर नुकसान अजूनही एका घराचंच होतं. पण तो जिवंत राहिल्याचा फायदा सगळ्या गावाला होतो, आणि हे गावाला हिशेबात दिसतं.

तुमच्याकडे हे लोक कोण असतील? जंगलात लाकूडफाटा आणणारे, वाळू उपसणारे, तळ्यात जाळं टाकणारे, डोंगरावर गुरं चारणारे. त्यांना सभेत बोलावून 'हे बंद करा' म्हणून सांगू नका. त्यांना काय लागेल ते विचारा. आणि त्यांचं म्हणणं खरं असू शकतं, ही शक्यता मनात ठेवा. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं वाचवायला जाळी लावली, गुरांची चराई थांबली, आणि काही वर्षांतच अभ्यासक सांगू लागले, की चराई थांबल्याने उंच गवत वाढतं आणि लहान फुलांना जागा उरत नाही. शेवटी जाळी काढावी लागली. गुराख्याला आधीच विचारलं असतं, तर हा फेरा वाचला असता.

पाळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

पाळीची यादी म्हणजे ज्या घरांनी पाहुणे घ्यायची तयारी दाखवली, त्या सगळ्यांची एकच यादी. बुकिंग एका ठिकाणी येतं, म्हणजे गावाच्या पर्यटन समितीच्या फोनवर. यादीत ज्याचं नाव पुढे, त्याच्याकडे पाहुणा जातो. कोणी ओळखीचा माणूस थेट फोन करून आला, तरी ती पाळी मोजली जाते. पहिला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. व्हॉट्सअॅपवर टाकली म्हणजे झालं, असं समजू नका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, तेच बहुतेक वेळा यादीतून गळतात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडी या महादेव कोळी आदिवासींच्या गावात ग्रासरूट्स या संस्थेसोबत हे काम उभं राहिलं, ते गावाची समिती आणि घरांची पाळी या दोन गोष्टींवर. संस्था बाहेरची असली, तरी पाहुणा कोणाकडे जाणार हे गावाच्या हातात राहिलं पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या बहुतेक गावांत वाड्या आणि आळ्या जातीने वसलेल्या आहेत. पर्यटन समितीत गावठाणातली मंडळी बसतात आणि पाळीच्या यादीत बौद्धवाडी, कातकरीवाडी, धनगरवाडा येत नाही. का, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. तिथे रस्ता नाही. संडास नाही. आणि 'पाहुण्यांना चालेल का?' पहिल्या दोन कारणांवर इलाज आहे. पहिल्या वर्षीचा निधी, पंचायतीचे पैसे, संस्थेची मदत जे काही हाताशी असेल, ते आधी त्या वाडीच्या वाटेवर आणि संडासांवर खर्च करा, गावठाणातल्या घरांच्या टाइल्सवर नको. तिसऱ्या कारणात पाहुण्यांचं नाव पुढे करून आपण आपलाच भेद झाकत असतो. तो झाकू देऊ नका.

वेळास ज्या तालुक्यात आहे, त्याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 मध्ये झाला तो जवळच्याच महाडला. पाण्याला हात लावण्यासाठी जिथे एवढा लढा द्यावा लागला, त्या मुलखात शहरातून आलेलं कुटुंब कोणाच्या चुलीपुढे बसून जेवतं, ही गोष्ट लहान नाही. पाहुण्याने जेवून हात धुतले, 'वहिनी, भाकरी फार छान झाली' म्हटलं, आणि हे शेजारच्या आळीने पाहिलं. भाषणांनी जे होत नाही, त्यातलं थोडं अशाने होतं. पण ते पाळी असेल तरच होतं. आवडीनिवडीवर सोडलं तर कधीच होणार नाही.

म्हणून बुकिंग घेतानाच सांगा: घर समिती ठरवते, ते बदलून मिळणार नाही. शाकाहारी जेवण हवं असेल तर जरूर मिळेल; जेवण निवडता येतं, घर नाही. यावर जो पाहुणा नाराज होईल, त्याला नम्रपणे दुसरं गाव पाहायला सांगा. सुरुवातीला थोडी बुकिंग जातील. जाऊ द्यात.

ज्यांच्याकडे पाहुणा झोपवण्यापुरतीही जागा नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कामांची दुसरी पाळी करा. वाट दाखवणं, बैलगाडी, होडी, भाजी-दूध-अंडी पुरवणं, स्वच्छता, रात्रीची राखण. या कामांचा मोबदला आधी ठरलेला आणि लेखी असावा. घरमालकाने मर्जीने द्यायची ती रक्कम नव्हे.

हिशेब फळ्यावर

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. चार जणांचं कुटुंब दोन दिवस राहिलं. माणशी दिवसाला 1200 रुपये धरले, तर एकूण 9600 रुपये झाले. गावनिधीला दहा टक्के म्हणजे 960, बुकिंग सांभाळणाऱ्याला पाच टक्के म्हणजे 480, वाटाड्याला 800. घराकडे उरले 7360. त्यातून धान्य, भाजी, गॅस, साबण, चादरी धुणं असा माणशी दिवसाला 350 खर्च धरला, तर 2800 गेले. हातात राहिले 4560. आता मध्ये शहरातला एजंट आला आणि त्याने तीस टक्के घेतले असं समजा: 2880 रुपये. घराच्या हातात राहतात 1680, आणि त्यात दोन बायकांची दोन दिवसांची मेहनत आहे. असा हिशेब खडूने फळ्यावर मांडून दाखवला, की एजंट नको हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. सुरुवातीला पाहुणे मिळवायला बाहेरची मदत लागली, तर जरूर घ्या; मात्र तिचा वाटा आणि मुदत करारात लिहा, आणि दर वर्षी तो वाटा कमी होत जाईल असं कलम घाला.

गावनिधीचं काय करायचं, हे ग्रामसभेत ठरवा आणि त्याचा ठराव करा. विहिरीचा गाळ, अंगणवाडीचं छप्पर, वणवा विझवणाऱ्या मुलांचे बूट, असं डोळ्यांना दिसणारं काम पाहुण्यांच्या पहिल्या वर्षी झालंच पाहिजे. ज्या घरात पाहुणा कधी आला नाही, त्यालाही यातून काहीतरी मिळालं, तरच तो उद्या किनाऱ्यावर कचरा टाकणाऱ्याला हटकेल.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जादा सूचना. तुमच्याकडे गावाचे बरेच निर्णय मुंबई मंडळात होतात. चाकरमान्यांचं गावावर प्रेम असतं, पैसाही तेच उभा करतात. पण पाहुण्यांसाठी पहाटे उठून पाणी तापवणारी बाई वर्षभर गावात राहते. समितीत निम्म्याहून जास्त जागा गावात राहणाऱ्यांच्या असाव्यात, आणि त्यात निम्म्या बायकांच्या.

बाईच्या हातात पैसा, आणि पुरुषाच्या हातात झाडू

घरगुती निवासाचा सगळा डोलारा बायकांच्या कष्टावर उभा असतो. नागलीची भाकरी, कुळथाची पिठी, घावणे, सोलकढी, अंथरुणं, न्हाणीघर, सगळं त्यांच्याकडे. कमाई मात्र घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जाते आणि त्याला 'घरचंच काम' म्हटलं जातं. असं झालं, तर पर्यटनाने बाईचं ओझं वाढवलं, बाकी काही केलं नाही. नियम सरळ ठेवा: निवासाचे पैसे घरातल्या बाईच्या नावच्या खात्यात जातील आणि क्यूआर कोडही तिच्याच नावाचा असेल. पाहुणे असताना पाणी भरणं, अंगण झाडणं, भांडी घासणं ही कामं पुरुषांनी करायची, हेही ठरावात लिहा. हे वाचून बैठकीत हशा पिकतो. पिकू द्या, आणि ठराव मंजूर करून घ्या. सलग पाहुणे आले, तर प्रत्येक घराला मध्ये विश्रांतीचा दिवस मिळेल, याची काळजी यादी सांभाळणाऱ्याने घ्यावी.

दुसरं, बायकांना फक्त स्वयंपाकघरात ठेवू नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, कांदळवनाच्या जाती, खेकडे, पक्षी यांची माहितीही त्याच सांगतात. मासळी विकणं हे बायकांचं आणि होडी हाकणं पुरुषांचं, अशी वाटणी जिथे पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथे ही गोष्ट झाली. त्यासाठी त्यांना वल्हवण्याचं, पोहण्याचं, माहिती सांगण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळालं. तुमच्या गावात डोंगरावर नेणारी वाटाडी, हिशेब ठेवणारी, जीप चालवणारी बाई का नसावी? महाराष्ट्र सरकारच्या 2023 च्या 'आई' या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयात जाऊन त्याच्या आजच्या अटी विचारा.

ताटाविषयी एवढंच सांगतो: पनीर आणि नूडल्स मागणारे पाहुणे येतील. जे शेतात पिकतं तेच ताटात वाढा. खर्च कमी होतो, शेजारच्या शेतकऱ्याचा माल खपतो आणि पाहुणा पुन्हा येतो तो त्या चवीसाठी.

गावात आधीच हॉटेलं असतील तर

महाबळेश्वर, अलिबाग, तारकर्ली, लोणावळा. इथल्या आसपासच्या गावांना वाटतं, आता आपल्यासाठी काही उरलं नाही. त्यांनी केरळमधलं कुमरकोम पाहावं. वेंबनाड तलावाकाठच्या या गावात मोठमोठी रिसॉर्ट्‌स होती आणि गावकऱ्यांचा त्यांच्याशी सतत झगडा होता. 2008 मध्ये तिथे जबाबदार पर्यटनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पंचायत, राज्याच्या कुटुंबश्री योजनेतले महिला गट आणि हॉटेलवाले एकत्र बसले. हॉटेलांनी भाजी, नारळ, अंडी, दूध गावाकडून घ्यायचं, भाव समितीने ठरवायचा, असं ठरलं. पडीक शेतं पुन्हा पिकाखाली आली. आधी अडचणी आल्या: माल वेळेवर पोचत नव्हता, प्रत सारखी नव्हती. पण बोलणी सुटली नाहीत. पुढे 2017 मध्ये केरळने राज्यभरासाठी जबाबदार पर्यटन मिशनच उभं केलं.

म्हणजे पाहुणा घरात घेणं हाच एक मार्ग नाही. हॉटेलाच्या स्वयंपाकघरात दिवसाला किती कोथिंबीर लागते, हे मोजून दहा बायकांनी तेवढी लावली, तरी ते लोककेंद्री पर्यटनच आहे. फक्त एकेकटीने हॉटेलच्या मागच्या दाराशी जाऊ नका. गटाने जा, भावाचा कागद करा, पैसे किती दिवसांत मिळणार ते त्यात लिहा.

किती पुरे?

कासला दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घातली गेली, ऑनलाइन नोंदणी आली, आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, राखण, वाहनतळ सांभाळला. मर्यादा किती असावी यावर वाद होऊ शकतो; मर्यादा असावी की नाही, यावर वाद नको. पाहुणा येण्याआधीच ती ठरवा, कारण पैसा यायला लागल्यावर कमी करणं कोणालाच जमत नाही. आकडा ठरवताना सर्वांत अडचणीची गोष्ट धरा. बहुतेक गावांत ती पाणी असते. एप्रिल-मे महिन्यात विहीर किती घागरी देते आणि त्यातून गावाला किती लागतात, ते वजा करा. उरेल तेवढेच पाहुणे. टँकर मागवून पाहुणे आंघोळ करतायत आणि खालच्या वाडीत बायका रात्री झऱ्यावर बसल्या आहेत, अशी वेळ आली तर त्या दिवसापासून गावात दोन तट पडतात.

भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या दिवसांत शनिवारी-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. नर काजवा आपल्या लुकलुकण्याने मादीला बोलावत असतो. हेडलाइट आणि मोबाइलच्या उजेडात ते बोलावणं पोचत नाही. मादी खाली गवतात किंवा झुडपात असते, ती पायाखाली येते. म्हणजे गर्दी जे पाहायला आली, तेच ती संपवते. अशा ठिकाणी गाड्या गावाबाहेर उभ्या करा, माणसं वाटाड्यासोबत छोट्या गटाने पाठवा, टॉर्चवर लाल कागद लावा, आणि ठरलेल्या वेळेनंतर रान बंद.

उत्सवांचंही तसंच आहे. सुगीच्या दिवसांत वाजणारा आदिवासींचा तारपा पाहुण्यांच्या तारखेला वाजवायला लावू नका. मुखवट्यांचा बोहाडा त्याच्या तिथीलाच होऊ द्या. पाहुण्याने गावाच्या दिवशी यावं.

जमिनीबद्दल मात्र कडक राहा. गावाचं नाव झालं, की पांढऱ्या गाड्या येतात आणि सातबारा विचारतात. कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीविना घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ चे निर्बंध आहेत. तरीही स्थानिक माणसाच्या नावावर घेणं, लांबलचक भाडेकरार, कोऱ्या मुद्रांकावर सही असे मार्ग शोधले जातात. ग्रामसभेने ठराव करावा: कोणालाही जमीन विकायची वा भाड्याने द्यायची असेल, तर त्याने आधी गावात सांगावं, आणि पहिली विचारणा गावातल्या गटाला व्हावी. कायद्याने हा ठराव मालकाला बांधत नसला, तरी गावात उघड चर्चा झाली की फसवणूक अवघड होते. पैशांची खरी नड असेल, तर गावनिधीतून कर्ज देण्याची सोय ठेवा. बहुतेक जमिनी आजारपण आणि लग्न यांपायी जातात.

कागदपत्रांत फार अडकू नका, पण ती टाळूही नका. पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी-निवास किंवा कृषी पर्यटन योजनेत नोंदणी करता येते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. जेवण देता म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद ठेवा. परदेशी पाहुणा असेल, तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. जंगल असेल तर वनखात्याची परवानगी. मात्र गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले असतील, तर त्या जंगलाबद्दल ग्रामसभेचं म्हणणं वजनदार आहे, हे बैठकीत ठामपणे मांडा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे मिळतं, हे प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

हंगाम संपला की एक पूर्ण दिवस ग्रामसभेला द्या. कोणाच्या घरी किती पाळ्या झाल्या, हे नावांसकट वाचून दाखवा. कोणत्या वाडीत शून्य आहे, ते मोठ्याने वाचा. मुलींचं शाळेत जाणं पाहुण्यांच्या दिवसांत बुडालं का, दारू वाढली का, पाहुण्यांनी कोणाचा न विचारता फोटो काढला का, हे बायकांच्या वेगळ्या बैठकीत विचारा, कारण सगळ्यांसमोर हे बोललं जात नाही. उत्तरं वाईट आली, तर पुढचा हंगाम लहान करा किंवा एक वर्ष थांबा. थांबण्याचा हक्क गावाने स्वतःकडे ठेवलेला असला पाहिजे. म्हणूनच सुरुवातीला मोठं कर्ज काढून खोल्या बांधू नका.

तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर

फोनवर चार गोष्टी विचारा. घरं पाळीने दिली जातात का? मी दिलेल्या पैशांतला किती वाटा गावनिधीत जातो? पैसे कोणाच्या खात्यावर पाठवू? वाटाड्या गावातलाच आहे का? ज्यांच्याकडे व्यवस्था आहे, ते आनंदाने सांगतात. भावात घासाघीस करू नका. ताटात वाढणाऱ्या बाईची मजुरीच त्यातून कापली जाते. येताना बिसलेरीच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं आणू नका, आणली तर परत न्या. मुलांना चॉकलेटं आणि पैसे वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेतल्या शिक्षकांना काय हवं ते विचारा. माणसांचा फोटो विचारून काढा आणि 'नको' म्हटलं तर कारण विचारू नका. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. मधल्या वारी घरं रिकामी असतात, पाळी सरकत नाही, आणि तेव्हा आलेलं एक कुटुंब त्या घरासाठी शनिवारच्या गर्दीतल्या कुटुंबापेक्षा मोलाचं असतं. बुकिंग रद्द करायची वेळ आली, तर आगाऊ दिलेली रक्कम परत मागू नका. तुमच्यासाठी आणलेलं दूध-भाजी तोवर घरात आलेली असते, आणि यादीतला पुढचा माणूस तुमच्यामुळे थांबलेला असतो.